पन्नासावर थांबलेला शोध

मरोळच्या गावठाणात शर्लीचं कौतुक फार. कॉम्प्युटरमधलं काहीही ही पोरगी हुडकून काढते, असं तिचे पप्पा ऑगस्टीन येईल त्याला ऐकवायचे. पुढे त्यांना विसरायला होऊ लागलं, तरी हे कौतुक तेवढं शाबूत राहिलं.

शर्ली एका संस्थेची साईट सांभाळायची. हॉस्पिटलांत दाखल झालेल्या, ओळख न पटलेल्या माणसांचे फोटो तिथे जमा व्हायचे. शोध फार रेंगाळायचा. ठरावीक वेळ संपली की प्रोग्रॅमने शोध थांबवायचा, असं तिने आधी करून पाहिलं. पण प्रत्येक नोंदीपाशी घड्याळ बघण्यातच आणखी वेळ जाऊ लागला. मग तिने सोपा तोडगा काढला: जुन्या नोंदींपासून सुरुवात करायची आणि वर्णनाशी जुळणारी पन्नास माणसं सापडली की थांबायचं. साईट झकास पळू लागली. पुढे आणखी माणसं आहेत, हे मात्र पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं.

एका सकाळी ऑगस्टीन पाव आणायला गेले ते परतलेच नाहीत. पोलिसांत कळवून शर्लीने साईट उघडली. 'वृद्ध पुरुष, नाव सांगता येत नाही' एवढंच टाकलं. पन्नास चेहरे तिने जीव मुठीत धरून पाहिले. पप्पा नव्हते. आपल्याच हातचं काम, त्यावर शंका कोण घेणार? पन्नासाची मर्यादा तेव्हा तिला आठवलीच नाही.

"ममा, पप्पा कुठल्याच हॉस्पिटलात नाहीत," तिने मेबलला, आपल्या आईला सांगितलं. मग दोघी खारदांड्याला आत्याकडे धावल्या, किनाऱ्यावर विचारत फिरल्या.

ऑगस्टीन मालाडच्या एका हॉस्पिटलात होते. फोटो पहिल्याच दिवशी साईटवर चढला होता, त्या पन्नासांच्या कितीतरी पुढे. पोलिसांचा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं.

"दारात कुणी आलं की मान उचलून बघायचे," नर्स म्हणाली. शर्लीला ते ऐकवेना.

कामावर परतताच तिने ती मर्यादा काढून टाकली. तिचा साहेब हर्षद वैतागला.

"स्पीडची वाट लागली ना! एवढं कोण थांबतं, यार?"

"ज्यांचं माणूस हरवलंय ते थांबतात," शर्ली म्हणाली.

पप्पांना जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्सानंतर शेजारणी घरी आल्या. मेबल सांगत होती, "माझ्या पोरीने एकपण हॉस्पिटल सोडलं नाय. सगळीकडे शोधलं." शेजारणी गेल्यावर शर्ली आईजवळ बसली.

"ममा, सगळीकडे नाही गं शोधलं. पन्नास फोटो बघितले आणि थांबले. पप्पांचा फोटो त्याच्या पुढे होता."

मेबल तिच्याकडे वळली.

"तेव्हा तो जिवंत होता?"

शर्लीने हो म्हटलं.