माणिकअप्पांच्या हेलिकॉप्टरचा रेडिओ

बातमीदाराकडं दोन पोती भरतात. एकात छापून आलेलं. ते आठवड्यात रद्दीत जातं. दुसऱ्यात डेस्कवरच्या कुणीतरी "याच्यात बातमी काय?" म्हणून परत फेकलेलं. ते काही केल्या जात नाही. भालकीत उभी हयात बातमीदारी करून माझं हे दुसरं पोतं फाटायला आलंय, आणि त्यातली बरीच जागा माणिकअप्पांच्या हेलिकॉप्टरनं अडवलीय.

माणिकअप्पांचं भालकीच्या बाजारात बी-बियाणांचं दुकान. छंद मात्र नायट्रो नावाच्या इंधनावर चालणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरचा. दोन हात लांब यंत्र, पण इंजिन खरं आणि धूरही खरा. चालवायचं जमिनीवरून, गळ्यात अडकवलेल्या दोन दांड्यांच्या रेडिओनं. जोडीला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे कांबळे सर. त्यांना उडवायला अप्पांनीच शिकवलं. तिसरा मी, नुसता बघ्या. ऊस तुटून गेला की जवळच्या मेहकरच्या शिवारात रिकामं रान मिळायचं, तिथं आम्ही रविवारी जायचो.

*

जुन्या रेडिओंचा एक ताप होता. दोघांचा चॅनल, म्हणजे रेडिओची लहर, एकच असला तर एकानं रेडिओ चालू करताच दुसऱ्याचं हेलिकॉप्टर खाली. अप्पांचा आणि सरांचा एकच निघाला. म्हणून नियम केला: कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा. तो ज्याच्या कॉलरला, त्यानंच रेडिओ चालू करायचा.

एका रविवारी सर चिमटा लावूनच जेवायला भालकीला निघून गेले. अप्पा टाकी भरून बाभळीखाली बसले. मी म्हणालो, सरच इथं नाहीत, त्यांचा रेडिओ बंद, मग उडवा की.

"पत्रकार, चिमटा कुठाय?"

"भालकीत."

"मग मी कसं उडवू?"

सर आले ते उन्हं कलल्यावर. घरी पाहुणे होते म्हणे. पाहुण्यांनी दुपारभर तो चिमटा बघितला होता, पण मास्तर माणसाला विचारायचं कसं म्हणून गप्प बसले.

*

मग अप्पांचा उजवा हात कापायला लागला. मापातलं बी काउंटरवर सांडायचं.

त्यांना कलबुर्गीच्या एका डॉक्टरकडं नेलं. मी होतो आणि अप्पांच्या पत्नी, ज्यांना सगळा बाजार अक्का म्हणतो. डॉक्टरनं विचारलं, "हातानं बारीक काम कुठलं करता?"

"हेलिकॉप्टर चालवतो."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि अक्कांकडं वळला. "हे असं कधीपासून बोलतात?"

"लग्न झाल्यापासून," अक्का म्हणाल्या. "तुम्ही हाताचं बघा."

हाताचं बघितलं. हा आजार मागं फिरत नाही, गोळ्यांनी नुसता हळू चालतो, एवढं सांगितलं आणि घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. माणसाचा हात जायलाय, आणि याला दोन मिनिटं नाहीत! मी भांडायला उठलो. अक्कांनी बाहीला धरून मला बाहेर काढलं.

परतीच्या बसमध्ये, भालकी जवळ आल्यावर अप्पा म्हणाले, "अजून एकदा मशीन वर न्यायचंय. माझ्या हातानं."

*

अप्पांचा जुना रेडिओ तोवर कायमचा बंद पडला होता. हैदराबादच्या एका दुकानदाराला फोनवर सगळं समजावून सांगितलं, तरी त्यानं चार चॅनलचा धाडून दिला. तो साध्या विमानाचा. हेलिकॉप्टरला सहा लागतात, एकेका कामाला एक: इंजिन, पात्यांचा कोन, पुढं-मागं, डावं-उजवं, शेपूट, आणि ती शेपूट स्थिर धरणारा जायरो. मी फोन लावून झाडलं. पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, "अंकल की उमर में चार बस है ना."

मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. अप्पा मात्र रेडिओ खोक्यात परत भरत विचारत होते, "वयावर चॅनल ठरवायलाय व्हय त्यो?"

*

कुठला रेडिओ झेपेल ते बघायला सरांनी आपला नवा रेडिओ दुकानात आणला आणि अप्पांच्या हेलिकॉप्टरला जोडला. इंजिन बंद. "दांडी नुसती धरा अप्पा. हलवू नका."

अप्पांनी धरली. पात्यांखालची तबकडी थरथरायला लागली, हुबेहूब त्यांच्या हातासारखी. एक गिऱ्हाईक पायरी चढत होतं, अक्कांनी त्याला खुणेनंच परत पाठवलं.

सरांनी सेटिंग बदललं. दांडीची बारीक हालचाल आता मशीनपर्यंत पोचणार नव्हती. हात कापत राहिला, तबकडी थांबली. सर खूश झाले.

अप्पा त्या तबकडीकडं बघत होते. "म्हंजे आता ह्याला माझं कळंना झालं," ते म्हणाले.

*

शेवटी सरांच्याच कंपनीचा, सहा चॅनलचा घेतला. कारण असे दोन रेडिओ वायरनं एकमेकांना जोडता येतात. ती शिकवायची सोय. गुरूच्या रेडिओवर एक बटण असतं. ते दाबून धरलंय तोवर मशीन चेल्याच्या हातात; बोट उचललं की गुरूकडं.

"मलाच चेला करायलाव व्हय सर?"

"पडायला लागलं तरच बोट उचलीन अप्पा. तोवर मशीन तुमचंच."

अप्पा घुटमळले. अक्का म्हणाल्या, "व्हय म्हणा की."

मेहकरच्या रानात त्या दिवशी अक्का पहिल्यांदाच आल्या होत्या. सरांनी इंजिन सुरू केलं. इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा जळका वास सुटला. हेलिकॉप्टर उठलं आणि माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर थांबलं. वारं होतं, तरी तसूभर हललं नाही. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

मी सरांच्या शेजारी उभा होतो. मशीन उठलं तेव्हापासून त्यांचं बोट त्या बटणावर नव्हतं. त्यांचे दोन्ही अंगठे दांड्यांवर होते आणि कानशिलावरून घाम उतरत होता.

माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्याला असं फसवायचं? मी बोलायला तोंड उघडलं, आणि अप्पांकडं बघितलं.

अप्पांचे अंगठे दांड्यांवर नव्हते. रेडिओ दोन्ही हातांनी छातीशी धरून ते नुसते वर बघत होते.

हेलिकॉप्टर हलकेच उतरलं. इंजिन बंद झाल्यावर अप्पा अक्कांकडं वळले.

"बघितलंस? आज हात कापला न्हाई."

"न्हाई अप्पा," सर म्हणाले. "जरा बी न्हाई."