तारमास्तरांचा हात

जानेफळात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाने भारीतला हॅम रेडिओ घेतला, ही बातमी माझ्याआधी मेहकरला जाऊन चहा पिऊन बसली होती. स्टँडवर एकाने मला अडवलंच. "काय गा, तू म्हणे सॅटेलाइट घेतला?" मी नाही म्हटलं नाही. माणूस एवढ्या आशेने विचारतो, त्याला नाराज कशाला करा!

पण सेट खरोखर देखणा. परवानाधारक हौशी माणसाने जगभरच्या तसल्याच हौशी माणसांशी बोलायचं यंत्र. त्याच्या काचेवर सगळा आकाशातला बाजार दिसतो, बोलणाऱ्या एकेकाची पांढरी रेघ वरून खाली वाहत राहते. बटणं इतकी की चिमणीला बसायला जागा नाही. सोबतचं माहितीपुस्तक एकदा उशाला घेतलं, तर तीन दिवस मान डावीकडे वळेना. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेची अँटेना मी लिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अशी ताणली, की कावळेसुद्धा तिला वळसा घालून जाऊ लागले.

शेजारी बघायला आला. "याच्यात मॅच लागते का?"

"नाही."

"मंग मोबाइलवर फुकटात बोलता येते, हे काऊन घेतलं बे?"

"मोबाइलवर आपल्या ओळखीचाच बोलते. याच्यावर कोण दार वाजवन, ते सांगता येत नाही."

"म्हणजे पाव्हण्याइची हौस," असं म्हणून तो गेला.

खरं सांगायचं तर मला एकाच माणसाला हा सेट दाखवायचा होता. देऊळगाव राजाचे तारमास्तर. त्यांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली. कट्ट-कडकट्ट ही त्यांची खरी मातृभाषा, मराठी नंतर शिकलेली. तारा बंद झाल्या तेव्हा त्यांनी परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढला आणि तीच कट्ट-कडकट्ट घरून सुरू ठेवली. मलाही मोर्स त्यांनीच शिकवलं, चहाच्या टपरीवर, कपावर चमचा वाजवून. माझ्या शिक्षणात इतके कप फुटले की टपरीवाल्याने शेवटी स्टीलचे ग्लास आणले. पुढे आम्ही दोघं अशा भारी सेटचे कॅटलॉग स्थळं पाहावीत तसे पाहत बसायचो. "रंगरूप चांगलं आहे, पण फिल्टर रुंद," असं म्हणून मास्तर एकेक स्थळ नाकारायचे. शेवटी हे पसंत पडलं, तेही त्यांनाच.

आणि सेट घरी येईपर्यंत मास्तरांचे कान गेले.

त्यांच्या सुनेचा फोन आला. "काका, मामाजी बोलतच नाहीत हो. कानातलं मशीन लावलं की नुसता गोंगाट होतो म्हणतात, काढून ठेवतात. आम्ही कागदावर लिहून दाखवतो, ते मान हलवतात. दोन महिने झाले, घरात त्यांचा आवाज नाही. आता रेडिओ भंगारात द्या म्हणून लिहून ठेवलंय त्यांनी. परवानासुद्धा परत करायचा म्हणतात."

मास्तरांचा जुना सेट भंगारात गेला तरी चालेल, पण माणूस असा मुका होऊन चालणार नव्हता. मी डोकं लावलं. डोकं म्हणजे खोटं. मास्तरांना मेसेज पाठवला: नवीन सेट खराब निघाला, काहीच ऐकू येत नाही, तुम्हीच बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर एसटीने हजर. खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहरा न्यायाधीशाचा. मी हात जोडले, "जयभीम, मास्तर." त्यांनी ओठ वाचले, "राम राम" म्हणाले आणि सेटकडे न बघता सरळ सेटच्या मागे गेले. अर्ध्या मिनिटात अँटेनाची पिन हातात घेऊन बाहेर आले.

"ही कोणं काढली बे?"

मी खिडकीतून लिंबाकडे बघू लागलो.

"उंदरानं काढली असन," असं म्हणून त्यांनी पिन बसवली. काचेवर बाजार भरला. "झाला तुझा सेट दुरुस्त. आता मले मोकळं कर, तीनची गाडी आहे."

माझ्या बेतात यापुढचं काही ठरलेलंच नव्हतं. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊ पाहत होतं. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा. "नुसतं पाणी उकळून राह्यलं," म्हणाले.

सेटमध्ये सोय आहे, मोर्सची अक्षरं आपोआप काचेवर उमटतात. मी ती चालू करून दाखवली. मास्तरांनी मान फिरवली. "वाचाच लागते, तर पेपर काय वाईट आहे?"

मग मी स्पीकर जोडला आणि सुराचं बटण खाली फिरवू लागलो. मोर्सच्या शिट्टीचा आवाज खाली उतरत उतरत बंद खोलीत भुंगा घुमावा तसा झाला. यापेक्षा खाली सेट जात नाही. मास्तर टेबलाला हात टेकून उठत होते. उठता उठता थांबले. तळहाताखालचं लाकूड थरथरत होतं.

"डबा आण," ते म्हणाले. "पत्र्याचा. रिकामा. जल्दी!"

माझ्या बायकोने शंकरपाळ्यांचा डबा परातीत असा उपडा केला की दोनचार शंकरपाळे थेट हिवरा आश्रमाला पोचले असतील. मास्तरांनी स्पीकर डब्यात पालथा घातला आणि डब्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला.

"तार ऑफिसात आठ यंत्रं एका वक्ताले कडकडायची," ते म्हणाले. दोन महिन्यांत त्यांनी एका दमात बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. "आपलं कोणतं ते कळावं म्हणून जो तो आपल्या यंत्रामागं रिकामा डबा ठेवे. डबा खोटं बोलत नाही." मग माझ्याकडे बघून, "माणसासारखं."

पण डब्यात दहा जणांची एकदम खडखड होत होती. आता माझ्या सेटची पाळी. मी फिल्टर आवळत गेलो, आवळत गेलो. काचेवरच्या रेघा कितीही असोत, डब्यात एकच माणूस उरला. बाकी सगळे दाराबाहेर. जुन्या सेटला हे सात जन्मांत जमलं नसतं.

मास्तरांचे ओठ हलू लागले. डब्यावर हात, ओठांवर एकेक अक्षर. केरळातला एक निवृत्त जहाजी, आमच्या दोघांच्या जुन्या ओळखीचा, कोणी आहे का म्हणून हाक देत होता.

"की दे," मास्तर म्हणाले. मी मोर्स पाठवायची दोन पात्यांची इलेक्ट्रॉनिक की पुढे केली. "ही चिमटी कायले?" मी जुनी पितळी की काढली. त्यांनी माझ्या परवान्यावरच्या स्टेशनच्या नावाने उत्तर दिलं. बोटं आधी अडखळली, मग सुटली.

पलीकडून सावकाश, एकेक अक्षर सुटं करत आलं. मी कानाने ऐकत होतो, मास्तर हाताने.

हा तुझा हात नाही. हा मास्तरांचा हात आहे.

मोर्समध्ये आवाज नसतो, पण प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि तो चालीसारखा ओळखू येतो. जहाजी पुढे म्हणाला, आम्ही समजलो होतो तुमची की कायमची शांत झाली. हॅम लोकांत माणूस गेल्यावर असं म्हणतात.

मास्तरांनी डाव्या हाताने चष्मा काढला, बाहीने पुसला, परत लावला. उजवा हात कीवर होता. त्यांनी दोनच शब्द पाठवले: आहे, आहे.

तीनची गाडी गेली. पाचची गेली. शेवटचीही गेली, तेव्हा मी त्यांच्या घरी फोन केला.

"मामाजी आज येत नाहीत," मी सुनेला म्हणालो.

"कामून? बरं नाही का त्यांना?"

"बोलून राह्यले."

"तुमच्याशी?"

"माझ्याशी कुठलं! केरळशी. मधी एक जपानचाही येऊन गेला."

मी फोन कीजवळ नेला. पितळेचा कट्ट-कडकट्ट तिला चांगला मिनिटभर ऐकवला. परत कानाला लावला तर ती नाक ओढत होती.

"त्यांना भाकर दुधात कुस्करून द्या," ती म्हणाली. "आणि मीठ कमी."

बायकोने ताट वाढलं. मी बोलवायला गेलो, खांद्याला हात लावला. मास्तरांनी डब्यावरचा तळहात न उचलता मान हलवली. थांब, समोरच्याचं बोलणं व्हायचं आहे.