बाईंनी हात दाबून पाहिला होता

आमच्या इस्पितळात हाड मोडलेला माणूस आधी माझ्याकडे येतो आणि मग बाईंकडे जातो. मी एक्स-रे काढतो, बाई प्लास्टर घालतात. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक दार आहे. फोटो काढताना तेवढं मी ते लावून घेतो, एरवी उघडंच असतं. त्यामुळे पलीकडे कोण रडतंय, कोण ओरडतंय आणि बाई कोणाला दटावताहेत, सगळं मला बसल्या जागी ऐकू येतं.

बाई त्या खोलीत एकवीस वर्षं आहेत. ठेंगण्या, तोंडाने फटकळ, कोपरापर्यंत कायम पांढऱ्या. रोग्याचा हात मांडीवर घेऊन गप्पा मारता मारता त्या दोन बोटांनी हाडावरून चालत जायच्या, मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, "इथे." माझ्या फोटोत चीर नेमकी तिथेच निघायची. मी थट्टेने म्हणायचो, "बाई, माझं मशीन नुसतं तुमच्या खाली सही करायला ठेवलंय." त्यावर त्या खूश व्हायच्या. मला त्या ‘फोटोवाले’ म्हणतात, अजूनही.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी अंगणात हात पसरून गरागरा फिरायची म्हणून तिला भिंगरी म्हणायचे, ते नाव तिला चिकटलं. आठवीत ती शाळेच्या सॉफ्टबॉल संघात गेली. खेळ शिकवणाऱ्या सरांनी तिला चेंडू टाकायला उभं केलं. त्या खेळात चेंडू खालून टाकतात. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवायचा आणि मांडीजवळून चेंडू सोडायचा. सर म्हणाले, हिचं नाव कोणी ठेवलं त्याला भविष्य कळत असणार.

बाईंना आधी खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. वर्षभरात त्या पंचांशी हुज्जत घालायला लागल्या. दर रविवारी सकाळी मैदानाच्या जाळीलगतच्या बाकावर त्या बसलेल्या असत, मांडीवर चिकटपट्ट्यांची पिशवी. कोणाही मुलीचं बोट दुखलं, गुडघा सोलला की सर त्यांनाच हाक मारत. भिंगरीचंही बरंच काही मोडलं-मुरगळलं. एकदा बेसवर घसरत गेली आणि घोटा सुजून भोपळा झाला. एकदा अंगठ्याला चीर गेली, एकदा उसळलेला चेंडू नाकावर बसला. प्रत्येक वेळी बाईंनी तिला स्वतः बांधून, शेकून, दिवस मोजून मैदानात परत उभं केलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्हाला सांगायच्या, "हूं की चूं केलं नाही पोरीने. माझ्यावर गेलीय."

हे ऐकायला मी असायचो आणि खिडकीताई असायच्या. खिडकीताई म्हणजे औषधांच्या खिडकीत बसणाऱ्या ताई. त्यांची आणि बाईंची नऊ वर्षांची मैत्री. डबा एकत्र, सुखदुःख एकत्र, रविवारी मैदानावर जायला स्कूटरही एकच. ताईंची मुलगीही त्याच संघात चेंडू टाकायची. उंचच उंच पोर, सगळे तिला लांबी म्हणायचे. सरळ होती, मेहनती होती, पण भिंगरीचा वेग तिच्याकडे नव्हता. महत्त्वाच्या सामन्यात भिंगरी टाकायची आणि लांबी बाकावर बसायची. दोघींच्या आया हे कधी बोलत नसत. बोलत नसत म्हणूनच बहुधा ते इतके दिवस निभावलं.

मुली दहावीत गेल्या त्या वर्षी राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती. सरांनी भिंगरीला सराव सामन्यांत जुंपलं, एका शनिवार-रविवारी चार सामने. सोमवारी संध्याकाळी तिने आईला सांगितलं की हात दुखतोय, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये.

बाईंनी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, हात पुढ्यात घेतला आणि दोन बोटांनी हाडावरून चालत गेल्या. मधोमध एका जागी पोरीने श्वास आत ओढला. बाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा तिथेच.

"स्नायू आहे," बाई म्हणाल्या. "ताणला गेलाय. पट्टी बांधते."

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "डॉक्टरांना दाखवायचं का?"

"मी काय इतकी वर्षं माती कालवतेय का?" बाई म्हणाल्या. तो पुन्हा वर्तमानपत्रात गेला.

निवडीला अठ्ठावीस दिवस उरले होते.

मग दुखणं थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांची पहिली पट्टी खिडकीताईंनी निमूट दिली, दुसरीही दिली. तिसऱ्या वेळी विचारलं, "अगं, कोणासाठी नेतेस एवढ्या?"

"माझी कंबर," बाई म्हणाल्या.

पण लांबी घरी जाऊन आईला वेगळंच सांगत होती. भिंगरी कपडे बदलायच्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून रडते. पाण्याची बाटली डाव्या हाताने उघडते. कोणाला सांगू नकोस म्हणून तिने शपथ घातलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीताई डबा घेऊन प्लास्टरच्या खोलीत आल्या. दार उघडंच होतं.

"तिचा फोटो काढून घे एकदा," ताई म्हणाल्या. "फोटोवाले बसलेत पलीकडे, पाच मिनिटांचं काम आहे."

"हाडं मला कळतात."

"कळतात म्हणूनच सांगतेय. दुसऱ्या कोणाची पोर असती तर तू तिला हात खाली ठेवू दिला नसतास."

बाईंनी बादली खाली आदळली. मग म्हणाल्या, "तुझी बाकावर बसलीय ना, म्हणून तुला माझीची काळजी वाटायला लागली."

पलीकडून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. खिडकीताई माझ्या दारावरून गेल्या, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी त्या वेळी उठून "बाई, उद्या पोरीला घेऊन या" एवढं म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं. बायकांच्या भांडणात आपण कशाला, असं स्वतःला समजावलं आणि फायली लावत बसलो.

खिडकीताई संध्याकाळी शाळेत जाऊन सरांना भेटल्या. सरांनी बाईंना फोन करून डॉक्टरची चिठ्ठी मागितली, आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संघातल्या मुलींच्या आईबापांचा फोनवर एक गट होता. त्यावर त्यांनी लिहिलं, ‘काही जणींना स्वतःच्या मुलीला जागा मिळावी म्हणून दुसऱ्याची मुलगी घरी बसलेली हवी आहे. अशा मैत्रिणींपासून देवच वाचवो.’

नाव घेतलं नव्हतं, पण घ्यायची गरजच नव्हती. निवडीच्या वेळी संघ जिंकताना दिसायला हवा, तर आपल्याही मुलीकडे कोणी बघणार, हे प्रत्येकाला कळत होतं. दहा मिनिटांत सगळा गट ताईंवर तुटून पडला. एका बापाने लिहिलं, पराभूत मनोवृत्ती. एका आईने लिहिलं, मला तर आधीपासूनच संशय होता. आईबापांचं पाहून मुलींनीही रंग बदलले. सरावात लांबीकडे कोणी चेंडू फेकेना, तिच्याशेजारी कोणी बसेना. एक दिवस तिचे बूट नळाखाली भिजत ठेवलेले सापडले. भिंगरी तेव्हा तिथेच होती. तिने ते केलं नव्हतं, पण कोणी केलं हेही सांगितलं नाही. त्या शुक्रवारी लांबीने संघाचा शर्ट घडी करून सरांच्या टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

चिठ्ठीचं मग असं झालं, की बाईंनी सरांना सांगितलं, मी रोज हेच काम करते, मी तपासलंय. सरांनी मान डोलावली. त्यांना तरी दुसरं काय हवं होतं? आता तर त्यांच्याकडे चेंडू टाकणारी दुसरी मुलगीच नव्हती.

निवडीच्या सामन्याला बाईंनी मला मुद्दाम बोलावलं. मी गेलो. लख्ख सकाळ होती. जाळीपलीकडे वह्या घेऊन निवड करणारी तीन माणसं बसली होती. भिंगरीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती आणि वरून लांब बाहीचा शर्ट. पहिल्या चार डावांत तिने अशी काही गोलंदाजी केली की त्या तिघांतला एक उठून उभाच राहिला. बाईंनी माझा दंड दाबला. "बघताय ना, फोटोवाले?"

पाचव्या डावात तिचा हात गोल फिरला आणि चेंडू भलतीकडेच, जाळीवर जाऊन आदळला. हाड मोडल्याचा आवाज आला की नाही ते मला सांगता येणार नाही. पण बाई चेंडू जाळीवर आदळायच्या आधीच उठल्या होत्या. भिंगरी गुडघ्यांवर बसली होती. डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरला होता आणि तो मधोमध, जिथे सांधा नसतो तिथे, वाकला होता.

फोटो मीच काढला. हाड आरपार मोडलं होतं. पण मोडलेल्या जागेभोवती एक पांढरट ढग दिसत होता. हाडाला चीर गेली की शरीर आपल्या परीने ती भरायला घेतं, तेव्हा तो दिसतो. एका दिवसात तो येत नाही. बाईंनी फोटो पाहिला आणि त्या ढगावर दोन बोटं ठेवली.

हाडांचे डॉक्टर आले. तरुण होते, सरळ बोलणारे. "ही चीर तीन-चार आठवड्यांची आहे," ते म्हणाले. मग भिंगरीकडे वळले. "इतके दिवस दुखत नव्हतं?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. खोलीत आम्ही चौघंच होतो.

"नाही," ती म्हणाली. "आजच दुखलं."

ऑपरेशनपर्यंत आधार म्हणून अर्धं प्लास्टर घालायचं होतं. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला बोलावतो. बाईंनी ऐकलं नाही. पट्टी भिजवली, पिळली, हाताखाली धरली आणि बांधायला घेतली.

"आई, घट्ट होतंय," भिंगरी म्हणाली.

बाईंनी सोडून पुन्हा बांधलं. तेही घट्ट झालं. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातून पट्टी बादलीत पडली, तेव्हा वॉर्डातली नर्स येऊन उरलेलं काम करून गेली.

ऑपरेशनमध्ये हाडाला धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसवले. हाड जुळलं, पण तळहात पूर्ण उताणा होईना. आजही भिंगरीने पाणी घ्यायला ओंजळ पुढे केली की एक बाजू कललेली राहते. सरांचा एक फोन आला. गटावर ‘लवकर बरी हो’ असे वीस-बावीस निरोप आले आणि त्यांच्या खालोखाल, पुढच्या रविवारी चेंडू कोण टाकणार? मग त्याच मनोवृत्तीवाल्या बापाने लिहिलं, आधीपासून दुखत होतं तर संघापासून लपवायला नको होतं. बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि गट सोडला.

आठवड्याने त्या औषधांच्या खिडकीपाशी गेल्या. रांगेत रीतसर उभ्या राहिल्या. मी मागे चार माणसं सोडून होतो. नंबर आल्यावर त्यांनी काचेला तोंड लावून म्हटलं, "माझं चुकलं गं."

खिडकीताईंनी हात पुढे केला. "चिठ्ठी आणलीय का तुम्ही?"

नऊ वर्षांत त्या दोघींत कधी ‘तुम्ही’ आलं नव्हतं. बाईंकडे चिठ्ठी नव्हती. त्या बाजूला झाल्या.

घरी काय झालं ते बाईंनी मला फार उशिरा सांगितलं, तेही एका रोग्याची वाट पाहत बसलो असताना, माझ्याकडे न बघता. टाके काढले त्या दिवशी भिंगरीने विचारलं होतं, "टेबलाशी बसून तू दाबलंस, तेव्हा तुला कळलं होतं ना?"

"मी म्हटलं, हो," बाई म्हणाल्या. "खोटं बोलायला जीभ उचलली नाही. तर म्हणते कशी, ‘तुला कळलंय हे मलाही कळलं होतं. पण तू स्नायू म्हणालीस, मग मीही स्नायूच म्हणत राहिले.’ रागावली नाही हो फोटोवाले. रागावली असती तर बरं झालं असतं. उठून शांतपणे पुस्तक वाचायला गेली."

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. लांबी दुसऱ्या शाळेतून खेळत राहिली. मागल्या वर्षी राज्याच्या संघाचा फोटो वर्तमानपत्रात आला, मागच्या रांगेत सगळ्यांच्या वर तिचं डोकं. पेपर माझ्या टेबलावर पडला होता. बाईंनी उभ्याउभ्या सगळी नावं वाचली, पेपर होता तसा ठेवला आणि कामाला लागल्या. खिडकीताई ‘नमस्कार’ म्हणतात. बाई एकट्याच डबा खातात. मी दोनदा बोलावलं, तर म्हणाल्या, भूक नाही.

भिंगरी दुसऱ्या गावी शिकते, नकाशे काढायचं काहीतरी. सुट्टीत येते, आईला कामात मदत करते, हसते-बोलते. खेळाचा विषय घरात निघत नाही. गेल्या महिन्यात तिची दाढ सुजली, ताप चढला, चार दिवस अंथरुणात होती. बाईंना हे कळलं ती बरी झाल्यावर, नवऱ्याच्या तोंडून.

"मी त्यांच्यावर भडकले," बाई म्हणाल्या. "म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तिनेच सांगितलं होतं, आईला सांगू नका."

बाहेर स्ट्रेचर आलं. बाईंनी बादलीत ताजं पाणी ओतलं आणि आमच्या मधलं दार लावून घेतलं.