हात न लावता चमकलेला फ्लास्क

फ्लास्क चमकला तेव्हा खोलीत मी एकटी होते आणि मी त्याला हात लावलेला नव्हता.

चंदीगडच्या एका संशोधन संस्थेत मी मायक्रोस्कोपमधून फोटो काढायचं काम करत होते. नवरा एअर फोर्समध्ये, त्याचं पोस्टिंग तिथे, म्हणून मीही तिथे. पंजाबातले ते दहशतवादाचे वाईट दिवस होते. बसमध्ये सीटखाली बॉम्ब नाही ना, हे वाकून पाहिल्याशिवाय कुणी बसत नसे. मी मूळची रत्नागिरीची. समुद्रापासून इतक्या लांब येऊन समुद्रातल्याच जिवांचे फोटो काढेन असं कधी वाटलं नव्हतं.

हे जीव म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. एकाच पेशीचे, खसखशीच्या दाण्याहून लहान. पाणी हललं की निळे चमकतात. काळोख्या रात्री आमच्याकडे लाटा चमकताना दिसतात, त्या असल्याच जिवांमुळे. पण ते चमकतात रात्री, आणि ऑफिस असतं दिवसा. म्हणून आम्ही त्यांना फसवायचो. रात्रभर ट्यूबलाइट, दिवसा काळोख. दुपारी मी डार्करूममध्ये बसायचे, स्लाइडवरच्या थेंबात सौम्य ॲसिड सोडायचे आणि जीव चमकले की कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचे. त्याआधी डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून बराच वेळ नुसतं बसून राहावं लागे.

तशीच बसले होते. बंद पुकारलेला होता, निम्मा स्टाफ आलाच नव्हता. समोरच्या फळीवरचा मोठा फ्लास्क एकदम निळा झाला. विझला. पुन्हा झाला. असं तीन-चारदा भराभर, आणि मग काळोख.

वाटलं, बाहेरून मिलिटरीचा ट्रक गेला असेल. पण मग टेबलावरचे फ्लास्कही चमकायला हवे होते. ते काळेच होते. पंखा बंद, पाण्याचा पंप बंद. चमकत होता तो फक्त फळीवरचा, आणि फळी प्लायवुडच्या पार्टिशनला स्क्रूनं बसवलेली होती.

मी पार्टिशनवर तळहात ठेवला. थोड्या वेळानं फ्लास्क पुन्हा चमकला, आणि हाताला हिसके जाणवले. आवाज अजिबात नाही. लहान मूल खोकत असताना त्याच्या पाठीवर हात ठेवला की लागतात ना, तसे हिसके.

पलीकडे जुन्या नमुन्यांची स्टोअररूम होती. बरण्यांमधले मासे, साप, खेकडे, सगळे फॉर्मलिनमध्ये. नमुने कुजू नयेत म्हणून वापरतात ते हे पाणी. त्याच्या वाफेनं डोळे चुरचुरतात, घसा सोलवटतो. मी व्हरांड्यातून जाऊन बघून आले. दाराला बाहेरून कुलूप होतं.

परत अंधारात येऊन मी प्लायवुडवर एकदा टकटक केलं. फ्लास्क चमकला, तो माझ्यामुळे. मग बराच वेळ काही नाही. मग अगदी मंद, एकदाच चमकला. पलीकडे टेकून बसलेलं कुणीतरी सावकाश पाठ काढून घेत होतं.

मी पाऊल न वाजवता बाहेर आले.

त्या खोलीची किल्ली फक्त ग्रेवाल मॅडमकडे असे. त्या आमच्या विभागप्रमुख. मी थेट त्यांच्या केबिनमध्ये गेले. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं.

"मॅडम, स्टोअरमध्ये कुणीतरी आहे."

"पंपामुळे हलत असेल काहीतरी."

"पंप बंद आहे. आणि पंप खोकत नाही."

त्यांनी उठून दार लावलं. "कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"माझा मोठा भाऊ आहे," त्या म्हणाल्या. "शेती करतो. बंदूकवाले रात्री येऊन जेवण मागायचे. नाही कसं म्हणणार? मग सकाळी पोलीस यायचे, का जेवायला घातलंस म्हणून. एकदा त्यानं बंदूकवाल्यांना दार उघडलं नाही. आता दोघंही त्याला शोधतायत."

मला राग आला, भीतीही वाटली. आम्ही एअर फोर्सच्या क्वार्टरमध्ये राहणारी माणसं. हे बाहेर आलं तर नवऱ्याची नोकरी गेली असती. आणि मॅडम खोटं बोलत असल्या तर? पलीकडचा माणूस कोण आहे, हे मला फक्त त्यांच्या तोंडून कळलं होतं.

"त्या वाफेत माणूस टिकणार नाही," मी म्हणाले. "डॉक्टरला दाखवा."

"बत्तीस सेक्टरच्या सरकारी इस्पितळात नेलं तर आधी नाव विचारतील. उद्या संध्याकाळी गाडीची सोय होतेय. तेवढा वेळ दे, जी."

त्या मला कधी जी म्हणत नसत. मी काही कबूल केलं नाही, पण घरीही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. कॅम्पसवर झडती चालू होती. थानेदार डार्करूममध्ये शिरला, मागून दोन शिपाई. मॅडम दारात.

"इतका काळोख कशाला?"

मी काम समजावून सांगितलं. त्यानं टॉर्च विझवून फळीवर बोटानं टकटक केलं. फ्लास्क निळा झाला. "वा!" म्हणत त्यानं पुन्हा टकटक केलं. पुन्हा निळा. मग हात मागे घेतला.

आणि फ्लास्क चमकला. एकदा, दोनदा, तीनदा.

"हे आपोआप?"

विचार करायला वेळ नव्हता. मी फ्लास्क फळीवरून उचलला, गोल फिरवला आणि त्याच्या हातात दिला. "एकदा डिवचले की थोडा वेळ असंच करतात, सर. फिरवून बघा." हे खोटं होतं. पण फ्लास्क फळीवर नसला की पार्टिशनचं काही कळत नाही.

त्यानं फिरवला. खोलीभर निळा उजेड पडला. त्यात त्याचा चेहरा मेलेल्या माणसासारखा दिसत होता, आणि तो हसत होता. "मी समुद्र कधी बघितला नाही," म्हणाला. मग फ्लास्क परत दिला. "शेजारची खोली उघडा."

मॅडमनी कुलूप काढलं. वाफेचा लोट बाहेर आला. थानेदार नाकाला रुमाल लावून आत गेला. मागचे शिपाई खोकू लागले. त्या खोकण्यात मला आणखी एक खोकला ऐकू आला. घोगरा, आतून, मागच्या रॅकपलीकडून. त्याच क्षणी मॅडम मोठमोठ्यानं खोकू लागल्या.

टॉर्च बरण्यांवरून फिरत गेला. मागच्या रॅकपाशी एका जागी थांबला. तिथे बरण्यांमध्ये पांढरे पडलेले मासे होते, त्यांचे डोळे चमकत होते. टॉर्च तिथे जरा जास्तच वेळ राहिला.

"बंद करा," थानेदार डोळे पुसत म्हणाला. "इथे कोण राहील?"

जाताना त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. त्याला काय दिसलं, हे मला आजही ठाऊक नाही.

मॅडमचा भाऊ त्याच संध्याकाळी गेला. त्याचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. पुढे मॅडमनी सांगितलं, दिल्लीला नातेवाइकांकडे पोचला, जगला, पण घसा कायमचा बसला. गावी परत गेला नाही.

फ्लास्कमधले जीव त्या दिवशी इतके हलवले गेले की ते जवळजवळ विझूनच गेले. माझा फिल्मचा रोल कोरा निघाला. प्रोजेक्टचे फोटो उशिरा गेले, आणि उशिराचं कारण म्हणून मॅडमनी 'कल्चर बिघडले' असं लिहिलं.

नवऱ्याला मी हे पुढच्या पोस्टिंगवर सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हा नाही सांगितलंस, बरं झालं. मला रिपोर्ट करावा लागला असता."

नंतर मी बऱ्याच जणांना हे काम शिकवलं. पहिल्याच दिवशी सांगायचे, नमुन्याची फळी भिंतीला ठोकू नका, वेगळ्या स्टँडवर ठेवा. कारण कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की फोटो हलतात.