आमच्या घरचे राष्ट्रपती

नाना गेल्याचा निरोप जळगावच्या माझ्या कचेरीत पारोळ्याच्या एसटीच्या कंडक्टरने आणला. मी तसाच निघालो, पिशवी टेबलावरच राहिली. नेमकी हवी ती वस्तू मी जन्मभर विसरत आलो आणि माझे हे थोरले भाऊ ती घेऊन मागून येत राहिले. त्या दिवशी मागून कोणी आलं नाही… महिना झाला त्याला.

नवी राज्यघटना आली तेव्हा नाना पारोळ्याच्या शाळेत मास्तर होते. वर्गात शिकवायचं ते आधी घरात करून पाहायचं, ही त्यांची रीत. एका रविवारी जेवणं आटोपल्यावर त्यांनी खातेवाटप केलं. राष्ट्रपतिपद सगळ्यांत मोठं, म्हणून ते स्वतःकडे. पंतप्रधानकी वहिनींकडे, त्यांचंही मन राहावं म्हणून. वहिनी, आमची मोठी बहीण अक्का आणि मी मिळून लोकसभा. राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावं लागतं, हे पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात होतं. ते नानांच्या आधी वहिनींनी वाचलं.

पुढल्याच रविवारी वहिनींनी विधेयक आणलं: कुसुमने धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचं. कुसुम ही नानांची एकुलती एक लेक. तिच्यासाठी नानांनी स्थळ पाहून ठेवलेलं. मुलगी परगावी एकटी राहणार, या विचारानेच त्यांना जेवण जाईना. कुसुमला एकवीस वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून मत नाही. ती दाराआड उभी. अक्का विरोधात. राहिलो मी, नानांच्या ताटात जेवून वाढलेला. मी हात वर केला, पण कानापर्यंतच.

"हे मत आहे की कान खाजवतोयस?" नानांनी विचारलं.

"मत आहे, नाना…"

त्यांनी विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलं. तो अधिकार त्यांना होता, पण एकदाच. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी दाराआडून कुसुम माझ्याकडे नुसती बघत होती. या वेळी माझा हात पुरता वर गेला.

अक्का हरली तरी खूश होती; सगळं राज्य नानांनीच वहिनींच्या हाती दिलं, याची तिला मजा वाटत होती. "बठ्ठं राज तिना हातमा तूच दिन्हं ना? आते कर सही."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुस्तकातलं ते पान पुन्हा वाचलं. "हेच मी पोरांना शिकवतो," ते हळू म्हणाले. "सही नाही केली तर उद्या वर्गात कोणत्या तोंडाने उभा राहू?" आणि सही केली. स्थळाला नकार कळवायला स्वतः गेले. जूनमध्ये कुसुमची ट्रंक उचलून धुळ्याच्या गाडीत तेच चढले.

कुसुम आता धुळ्यातच मास्तरीण आहे. परवा भेटली तेव्हा ती सांगत होती, नाना दर महिन्याला एका शनिवारी यायचे. वर्गात कधी आले नाहीत, पोरींना तपासणी वाटेल म्हणून. बाहेर खिडकीखाली बसून तिचा तास ऐकायचे. अलीकडे कमी ऐकू यायचं त्यांना.

"काका," ती म्हणाली, "शनिवारी मी अजूनही खिडकीकडे तोंड करून जरा मोठ्यानेच शिकवते…"