फांदी हलली की

आमची ताई कपडे शिवते. शिलाई मशीन आणि अंथरुणाला खिळलेली आई, एवढाच तिचा संसार. पक्षाघाताच्या झटक्यात आईची नजर गेली, वाचा गेली, तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे पाठव तिला. तर म्हणाली, "तुझ्या घरात तुलाच धड जागा नाही." खरं होतं, पण असं तोंडावर बोलायचं का?

हल्ली आईने तोंड उघडणंच सोडलं, म्हणून मी ताईकडे आले होते. चमचा ओठांना लावला की दात घट्ट. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टर सांगून गेले. आणि या नळीचा आईला भारी धसका. धडधाकट असताना तिने आम्हाला बजावलं होतं, "काही झालं तरी माझ्या नाकात हे लचांड नको." ताई रडलीसुद्धा नाही. दगड झाली होती नुसती. उठून बाल्कनीत जाऊन बसली.

तिथे कुंडीतल्या झाडावर बुलबुलाचं घरटं होतं. माझं डोकंच फिरलं. "आई उपाशी आहे आणि तू पाखरं बघतेस?"

"डोळे उघडले नाहीत अजून त्यांचे," ती म्हणाली. "तरी बघ."

बुलबुल अळी घेऊन फांदीवर बसली. फांदी हलली आणि तिन्ही पिल्लांनी आ वासला. मग वाऱ्याने हलली, तेव्हाही वासला.

ताई उठली. आधी मशीन आईच्या खाटेला चिकटून असायचं. शिवता शिवता ताई आईला एकेक चमचा भरवायची. आईला खडखडाटाचा त्रास नको म्हणून चार दिवसांपूर्वी तिनेच ते बाहेरच्या खोलीत नेलं होतं. आम्ही दोघींनी ते ढकलत, धापा टाकत परत खाटेला लावलं. ताईने पाय मारला. मशीन धडधडलं, खाट थरथरली आणि आईने तोंड उघडलं!

"अगं बाई!" मी चमचा भरवला. आईने घास गिळला. मला रडूच फुटलं. ताई कोऱ्या चेहऱ्याने कापडाशिवायच मशीन चालवत होती.

वाटी संपली. मी म्हटलं, "बघ, तुला ओळखलं तिने. तुझं मशीन ओळखलं."

ताईने मशीन थांबवलं. खाटेला गुडघ्याने धक्का दिला. आईने आ वासला.

"मला नाही ओळखलं," ताई म्हणाली. "जा, आणखी अर्धी वाटी आण."