आप्पांनी खेळ थांबवला

आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुमच्यापाशी लिहितेय.

माझे सासरे, आप्पा, शाळेत फुटबॉल शिकवायचे. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला. तेव्हापासून त्यांचं सगळं मीच बघते, आणि दुपारी लॅपटॉपवर फुटबॉल संघ चालवायचा खेळ आम्ही दोघं खेळतो. ते सांगतात, मी माऊस चालवते. माझा नवरा दिवसभर वाळूजला कंपनीत असतो.

आप्पांचा डाव ठरलेला. चेंडू गेला की मागं यायचं नाही, सगळ्यांनी मिळून समोरच्यावर धावून जायचं, दाब टाकायचा.

आज आमच्यावर तीन गोल झाले. मी म्हटलं, "आप्पा, हा मधला खेळाडू कच्चा आहे. काढू का?"

"कच्चा नाय तो. पुढचे दोघं जागचे हलंनात, हा एकटाच पळायलाय. एकट्यानं दाब पडत नसतो, बाई."

मग ते माझ्याकडं बघत राहिले. "फुलंब्रीला माहेरी कधी गेली होतीस?"

मला आठवेना.

"खेळ थांबव. पुण्याला थोरल्याला फोन लाव."

माझ्या थोरल्या दिरांनी फोन उचलल्यावर आप्पा म्हणाले, "पंधरा दिवस इथं येऊन राहा."

मी मध्येच बोलले, "नको भाऊजी, माझं काही अडलं नाही."

आप्पांनी डाव्या हातानं फोन ओढून घेतला. "तिचं ऐकू नको. लई दमलीय ती."

भाऊजी रविवारी येताहेत. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि ते रडू आनंदाचं नव्हतं.

आपलं दमणं कुणी ओळखलं, की सुटल्यासारखं वाटायला हवं ना? मग हरल्यासारखं का वाटतं? तुम्हालाही वाटतं का?